मियारासानची बादली

जयंतीकाकू माणसाला आधी चोर समजत, मग नाव विचारत. लेकीकडे, पार जपानच्या दक्षिण टोकाच्या इशिगाकी बेटावर आल्या, तरी खोड सुटली नाही.

लेक अश्लेषा तिथे खारफुटीचा अभ्यास करते. मागच्या वादळात खाडीकाठची झाडं उपटून गेली, तिथल्या चिखलात तिनं नवी रोपं लावली होती. ती धरली तर पुढची लाट त्यांच्या अंगावर मोडेल, नाहीतर थेट वस्तीत शिरेल. आणि रोपं तर माना टाकत होती.

"शेजारचा तो म्हातारा मियारासान. ओहोटी लागली की बादली घेऊन उतरतो. नेतो रिकामी, आणतो झाकून," काकू म्हणाल्या.

"आई, खेकडे धरत असतील गं."

"आमच्या दाभोळच्या खाडीतली तिवरं तोडणारेही असेच सभ्य दिसायचे."

शुक्रवारी पूजा आटोपून काकूंनी नेहमीसारखं निर्माल्य पिशवीत घट्ट बांधलं, पुलावरून खाडीत सोडलं, हात जोडले. डोळे उघडतात तो खाली चिखलात म्हातारा वाकलेला, हात रोपावर. काकूंनी पुलालगतच्या घरातून लेकीला बोलावलं, साडी खोचली आणि तिचे गमबूट चढवून उतरल्या.

"बघ, रंगेहाथ सापडलाय."

मियारासान सरळ झाले, किंचित वाकून नमस्कार केला. रोपाला आवळून बसलेली पिशवी त्यांनी सोडवली होती. तोक्योतल्या निशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानाची, तिथे राहणाऱ्या मुलानं काकूंना पूजेचं सामान भरून दिलेली. गाठही काकूंचीच, कुलपासारखी. आत कुजका झेंडू आणि कुंकू लावलेलं कापसाचं वस्त्र. बादलीत अशाच आणखी पिशव्या.

म्हातारा हळूहळू काहीतरी बोलला. अश्लेषानं आधी आईकडे पाहिलं.

"म्हणतात, देवाला वाहिलेलं दिसतं, फेकवत नाही. पण रोपांची मुंडी मुरगळते, तेही बघवत नाही. म्हणून ज्याचं त्याला द्यायला जपून ठेवलंय. त्यांना तुझा संशय होताच."

"माझा? मी काय चोर आहे?"

अश्लेषानं पाण्याकडे बोट केलं. खाडीत आजची पिशवी तरंगत रोपांकडेच निघाली होती. काकूंनी ती पाहिली आणि गुडघाभर चिखलातून तिच्यामागे गेल्या.

आता निर्माल्य गॅलरीतल्या कुंडीत जिरतं. ओहोटीला काकूही बादली घेऊन उतरतात, अडकलेलं शोधत. वर आल्या की मियारासान वाटेत उभे असतात. काकू मुकाट्यानं झाकण उचलून दाखवतात, आणि मग त्यांच्याही बादलीत डोकावतात.