मावशींचं टिंब

मावशींइतकं हळू चालणारं माणूस मी त्या पायवाटेवर दुसरं पाहिलं नाही. मेक्सिकोच्या कुंपणापासून थेट कॅनडापर्यंत जाणारी ही पायवाट. तिचा पहिला मोठा तुकडा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला. तिथे जो तो घाईत असतो. पुढचं पाणी गाठायची घाई, उत्तरेत बर्फ पडायच्या आत पोचायची घाई. मी तर रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीतून मोठी रजा काढून आलो होतो आणि रजेतही टार्गेट पाळायची खोड सुटली नव्हती. मावशी मात्र चंदेरी छत्री उघडून, संध्याकाळी भाजी आणायला निघाल्यासारख्या चालायच्या. मागून कुणी आलं की बाजूला होऊन वाट द्यायच्या आणि चेहरा आपल्याकडचा वाटला की विचारायच्या, "जेवलास का रे?"

मलाही त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. मी तेव्हा पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत नूडल्स गार पाण्यात भिजत घालून बसलो होतो. स्टोव्हचं वजन नको म्हणून निम्मे लोक तिथे असंच खातात, आणि त्याला तासभर लागतो. मावशींनी बरणीत डोकावून पाहिलं. "ही भिजलेली सुतळी खायला तू शिकलास एवढा?" त्यांनी पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारला, मेतकूट आणि लसणाची चटणी घातली आणि मी बूट काढेपर्यंत जेवण तयार. आयसेलिनला राहणारी त्यांची बहीण हा शिधा पार्सल करून वाटेवरच्या पोस्टांत पाठवत असे. त्यानंतर मी त्यांच्या चालीनं चालू लागलो. सोबत म्हणून वगैरे काही नाही, पोह्यांसाठी.

मावशी मूळच्या अकोल्याच्या. ओहायोतल्या एका लहान गावात त्यांनी जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. "लोकांना झोपवलं आणि वेळेवर उठवलं, एवढंच केलं," असं सांगायच्या. काका गेल्यावर मुलानं, निखिलनं, त्यांना पूर्वेकडे हर्नडनला आपल्या घरी आणलं. ओहायोचं घर विकलं. एकदा पार्किंगमध्ये गाडी खांबाला घासली, तेव्हा गाडीची किल्लीही त्याच्याकडे गेली. बेसमेंटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली, मायक्रोवेव्ह, टीव्ही, ट्रेडमिल, सगळं होतं. खिडकी छताला लागून. तिच्यातून गवत आणि येणाजाणाऱ्यांचे बूट दिसत. त्या ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चालता चालता त्यांनी ह्या पायवाटेचे व्हिडिओ पाहिले आणि मुलाच्या मागे लागल्या. तो शेवटी म्हणाला, फक्त डेझर्ट. डेझर्ट संपलं की मी गाडी घेऊन येतो, मग घरी. त्यांनी शब्द दिला.

सोबत त्यानं एक यंत्रही दिलं होतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, बॅगेच्या पट्ट्याला लटकवायचं. त्यामुळे मावशी कुठे आहेत ते हर्नडनला नकाशावर टिंबाच्या रूपात दिसे. संध्याकाळी एक बटण दाबून 'मी ठीक आहे' असा निरोप पाठवायचा असे. "थांब रे, हजेरी लावते," म्हणत त्या तो पाठवायच्या. लगेच नातवंडांचं 'गो आजी!' यायचं. त्या ते प्रेमानं वाचायच्या आणि यंत्र उलटं करून ठेवायच्या.

वाळवंटात दुपार म्हणजे कोंडी. भिंती नाहीत, दार नाही, क्षितिजापर्यंत मोकळं, आणि माणसाला हातभर सावलीच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. काटेरी जोशुआच्या झाडाखाली आम्ही बसायचो आणि सावली सरकली की तिच्याबरोबर सरकायचो. मुंग्या चढत. पाणी मोजून घोट घोट. मी चिडचिडायचो, घड्याळ बघायचो. "अकोल्यात मे महिन्यात काय बाहेर हिंडत होतो आम्ही?" मावशी म्हणायच्या. ओला रुमाल डोक्यावर घेऊन शांतपणे पडायच्या. ऊन उतरलं तरी उठायच्या नाहीत. मी बॅग पाठीवर चढवून उभा, आणि ह्या म्हणणार, "बसू की अजून जरा."

एके ठिकाणी पायवाट लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यावरून जाते. कालवा वरून सिमेंटनं बंद केलेला आहे. पायाखाली पाणी वाहतंय आणि आपल्या घशाला कोरड, ह्याचा मला भयंकर राग आला होता. मावशी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी सिमेंटला कान लावला. "धावतंय बघ आत बिचारं," त्या म्हणाल्या. "शहरात नेऊन सोडणार त्याला." मग छत्री टेकत उठल्या आणि चालू लागल्या.

पुढे एका झऱ्याशी त्या मुक्काम हलवेचनात. पायाला फोड आलाय म्हणाल्या. दुसरा दिवसही तिथेच गेला. माझ्याकडे मलम होतं, म्हणून मी पाय दाखवा म्हणालो. दाखवेनात. मग हसल्या आणि मोजा काढला. पाय धडधाकट होता.

"तुम्हा सगळ्यांना हे वाळवंट कधी एकदा संपतंय असं झालंय," त्या म्हणाल्या. "मला नाही झालेलं. संपलं की माझी गाडी येणार."

"मग नका ना जाऊ! सांगा निखिलला, मी पुढे चाललेय म्हणून."

"शब्द दिलाय. आणि भांडून जायचं कुठे रे? घर तर विकून बसले. वाईट नाही तो. वाईट असता तर बरं झालं असतं."

मला फार वाईट वाटलं. मी बॅग खाली ठेवली आणि त्या दिवशी घड्याळ पाहिलं नाही.

पण टिंबाचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मावशींनी इमानेइतबारे हजेरी लावली होती, पण आई बरं नसलं तरी ठीकच म्हणणार हे निखिलला पक्कं ठाऊक. टिंब जागचं हलेना तसा त्याचा धीर सुटला. तिसऱ्या सकाळी आम्ही निघालो. झऱ्याच्या पुढे कच्चा रस्ता ओलांडायचा होता. तिथे धुळीनं माखलेली भाड्याची गाडी उभी, आणि तिच्याशेजारी तो. हातात सरबताच्या बाटल्या, डोळे तांबारलेले.

"आई, दोन दिवस तू हललीच नाहीस! हार्ट असेल, डिहायड्रेशन असेल, मला काय कळणार? आय वॉज सो स्केअर्ड. आता इनफ झालं. फ्लाइट बुक केलीय."

वाळवंट संपायला फार उरलं नव्हतं. मला वाटलं, आता त्या खरं सांगतील. त्यांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. "पायाला फोड आला रे," म्हणाल्या आणि चांगल्या पायानं लंगडत गाडीकडे निघाल्या. तो त्यांना काखेत हात घालून नेत होता. मी मागून छत्री घेऊन चाललो होतो.

बसायच्या आधी त्यांनी पट्ट्याचं यंत्र सोडवून मला दिलं. "ह्याच्याकडे नाहीये. साताऱ्याला ह्याची आई काळजी करत असेल." निखिल लगेच म्हणाला, "शुअर, घेऊन जा. सबस्क्रिप्शन आहेच." भला माणूस. त्यानं मला सरबताच्या बाटल्याही दिल्या.

तर मावशी हर्नडनच्या बेसमेंटमध्ये आणि त्यांचं टिंब माझ्या पट्ट्याला. आईला मी ठीक असल्याचं कळवत होतोच, पण निरोप यायचे ते मावशींचे. 'आज फार चाललास.' 'दुपारी थांब.' 'तिथेच का बसलास, पाणी आहे ना?' मी चिडायचो आणि थांबायचो. थांबायची सवय लागली ती आजतागायत आहे. रेडमंडला पावसात बस चुकली तरी आता मी धावत नाही.

वाळवंट संपतं तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं दुकान आहे. चालत कुणी आलं की ओट्यावर बसलेले सगळे हायकर उठून टाळ्या वाजवतात, असा तिथला रिवाज. माझ्यासाठीही वाजल्या. दुकानाच्या वाय-फायवर फोन जोडला जातो न जातो तोच तो वाजला.

"पोचलं ना टिंब?" मावशी म्हणाल्या. "टाळ्या वाजवल्या का? मी स्पीकर लावलाय."

मी ओट्यावरच्या लोकांना सांगितलं की अजून एक जण येतंय, आणि फोन उंच धरला. धुळीचे, उन्हानं रापलेले ते लोक पुन्हा उठले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, कुणी पातेल्यावर चमचा बडवला. बराच वेळ चाललं ते. मग मी फोन कानाला लावला.  तेवढ्यात पलीकडे वरच्या मजल्यावरून निखिलचा आवाज आला, "आई, खाली कोण आलंय? कसला आवाज?"

"कुणी नाही रे," मावशी म्हणाल्या. "टीव्ही लागलाय."