गच्चीवरची काळी टाकी

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिक रोडला भाजी घेत होतो. पिशवी तिथंच राहिली. इंदिरानगरात पोचलो तर बिल्डिंगमध्ये पाण्याचा ठणठणाट, पाइपलाइन फुटलेली, टँकरचा पत्ता नाही... आणि त्याला शेवटची अंघोळ घालायची होती. पाणी होतं ते फक्त गच्चीवर, त्याच्या काळ्या टाकीत. तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती होईना.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. मी तास संपला की घरी. याला भलतंच वेड. अवकाशातला एखादा प्रचंड ऊर्जेचा कण हवेवर आदळला की जमिनीवर लाखो कणांचा वर्षाव होतो. गच्च झाकलेल्या पाण्यातून ते जाताना अंधूक उजेड पडतो, तो टिपायचा. एकट्या टाकीला फारसं कळत नाही. दूरदूर मांडलेल्या टाक्यांत उजेड कुठं आधी पडला, कुठं नंतर, यावरून कण कुठून आला ते काढायचं. टाक्या फार जवळ मांडल्या तर मोठा वर्षाव पुरता सापडत नाही, फार लांब मांडल्या तर लहान निसटतात. या अंतरापायी त्यानं चांदवडच्या माळावर चपला झिजवल्या आणि शेवटी तिथं टाक्या मांडल्या. एकदा तरी सगळ्या टाक्या एकदम उजळाव्यात, एवढीच त्याची आस.

उन्हाळ्यात तिथल्या विहिरी आटल्या. एवढं पाणी नुसतं झाकून ठेवलंय, हे गावाला कसं पटावं? भर दुपारी झाकणं निघाली. उजेड टिपणाऱ्या नळ्या आत चालूच होत्या, त्या भर उन्हाच्या झोतानं कायमच्या आंधळ्या झाल्या. मी तणतणत गेलो. हंडा घेऊन उभी असलेली म्हातारी म्हणाली, "लय ग्वाड पानी हाय. झाकून का मारता, भाऊ?" अरविंद एवढंच म्हणाला, "भरा, आजी." मला मात्र रडू आलं, रागानं.

पुन्हा नळ्या कुणी दिल्या नाहीत. उरली ती चाचणीसाठी गच्चीवर ठेवलेली टाकी. झाकणावर दुहेरी काळं कापड, वर दोरी, आणि रोज सकाळी जाऊन गाठ चाचपायची. एकटीचं काय लोणचं घालणार, म्हणून मी चिडवायचो. "बाकीच्या येईपर्यंत हिला जागं ठेवतो," म्हणायचा.

त्या दिवशी शेवटी सुनीतावहिनीच म्हणाल्या, "उघडा. ह्यांनी चांदवडला कुणाला नाही म्हटलं नव्हतं." आतली नळी चालू होती. मी आधी तिचं बटण बंद केलं... मग दोरी सोडली.

महिना झाला. टाकी कोरडी आहे. परवा गच्चीवर गेलो तर झाकणावर काळं कापड होतं, दुहेरी. वहिनी रोज सकाळी वर येतात म्हणे. मी गाठ चाचपली. घट्ट होती.