पॅकी जोची जिग, की बीसी टॅन्झीची?

माझी नणंद अट्रॅक्टा गेराटी हिच्या दुकानात गुरांचं खाद्य विकत मिळतं आणि बोलणी फुकट. खाद्य नाही, पण बोलणी मी लग्न होऊन आल्यापासून खातेय. तरी सांगते, अख्ख्या रॉसकॉमन परगण्यात अशी बाई शोधून सापडायची नाही.

तिचा जीव अडकला होता एका जिगमध्ये. तिचा बाप पॅकी जो, म्हणजे माझे सासरे, ही नाचाची चाल बासरीवर वाजवायचे. शेजारचा फिडलवाला मॅलकी टॅन्झी म्हणायचा, "चाल माझ्या बीसी आत्याची. पॅकी जोनं ढापली." झालं! त्यावरून अट्रॅक्टाची आणि त्याची वर्षानुवर्षं जुंपलेली. गेल्या वर्षी सभागृहाच्या छपराला पैसे जमवायला गावच्या वादकांची सीडी काढायचं ठरलं, आणि सीडीवर प्रत्येक चालीला नाव हवं होतं. अट्रॅक्टानं कंबर कसली. "माझ्या बापाचं नाव छापून नाही आणलं, तर गेराटी म्हणून हाक मारू नका मला."

मग काय, घरात जेवायच्या टेबलावर नुसत्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणि स्वरलिप्या. अमेरिकेत निघालेल्या एका जुन्या तबकडीवर तीच जिग सापडली, पण नाव 'धुराची चूल'. कुणा मास्तरांनी उतरवून घेतलेली स्वरलिपी मिळाली, तिच्यात नाव तिसरंच, आणि चालीचे भाग दोनच.

"तिसरा भाग कुठाय?" अट्रॅक्टा कडाडली. "मास्तर मध्येच चहाला उठले वाटतं! बाबा तीन वाजवायचे."

शेवटी डब्लिनच्या लोकसंगीत संग्रहालयातून फोन आला, अट्रॅक्टानं तिथंही पत्र टाकलं होतं. फार पूर्वी कुणी संग्राहक आमच्या भागात फिरला होता. त्याच्या टेपवर पॅकी जो गेराटी होते, बासरीसकट. आमच्या घरात त्यांच्या आवाजाचा एवढासा तुकडा नव्हता हो. अट्रॅक्टानं दुकानाला कुलूप लावलं आणि मला गाडी काढायला सांगितली.

तिथल्या मुलीनं आम्हा दोघींच्या कानांना हेडफोन लावले. बासरी सुरू झाली. तिसरा भाग आला तशी अट्रॅक्टानं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. चाल संपली. संग्राहकानं विचारलं, "हिचं नाव काय?"

"नाव कसलं डोंबलाचं!" माझे सासरे म्हणाले. "बीसी टॅन्झीकडून घेतली मी. चहा घेणार ना?"

त्या चहावर अट्रॅक्टा हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मग बीसीचं नाव डोक्यात शिरलं आणि तिचा चेहरा पडला.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अगं, कुणाला कळणारे? मॅलकी कशाला मरायला डब्लिनला जातोय!"

"डिम्फना, गाडी चालव," ती म्हणाली. "बाबांच्या तोंडचा शब्द आहे तो. मी गिळायचा?"

घरीसुद्धा गेली नाही. तडक मॅलकीच्या गोठ्यात. "जिंकलास बाबा," म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा नाचेल. पण मेला दूध काढायचं सोडून खाली मान घालून उभा. मग आत गेला आणि एक कॅसेट घेऊन आला. स्वयंपाकघरात त्यानं ती लावली. बीसीबाईंचं फिडल, तीच जिग, आणि मागून त्यांचा खरखरीत आवाज: "ही पॅकी जो गेराटी देऊन गेला मला."

"ही तुझ्याकडे कधीपासून आहे रे?" अट्रॅक्टानं विचारलं.

"आहे बरीच वर्षं," मॅलकी पुटपुटला.

आमच्याकडच्या वादकांची खोडच ही. 'मी बांधली' असं कुणी मरेस्तोवर म्हणणार नाही, बोट नेहमी शेजाऱ्याच्या दाराकडे. दोघांपैकी कुणी बांधली ते देवालाच ठाऊक.

वाटलं, मिटलं एकदाचं. कसलं काय! रेकॉर्डिंगच्या दिवशी मॅलकी शरमेनं म्हणाला, "लिहा, पॅकी जोची जिग."

"खबरदार!" अट्रॅक्टा उठलीच. "बीसी टॅन्झीची लिहा. माझ्या बापाला खोटं पाडतोस?"

"आणि तू माझ्या आत्याला?"

रेकॉर्डिंगवाला बिचारा टेकीला आला. सीडीवर छापलं, 'नाव माहीत नाही'.

आता दर गुरुवारी पबमध्ये मॅलकी फिडल उचलतो आणि मुद्दाम ओरडतो, "ही पॅकी जो गेराटीची!" आमची बाई कोपऱ्यातून, "बीसीची, खोटारड्या!" तो आणखी मोठ्यानं, "पॅकी जोची!" हळूहळू सगळा गाव तेच म्हणायला लागलाय. परवा घरी येताना मी वैतागून म्हटलं, "अगं बाई, तुला हवं होतं तेच झालं ना? मग दर आठवड्याला घसा कशाला फोडतेस?"

"येडी आहेस का?" अट्रॅक्टा म्हणाली. "मी भांडायचं सोडलं, तर तो बाबांचं नाव घ्यायचं सोडेल ना!"