चालू लाईन

मोठ्या बाईंपुढे आभाराचा शब्द काढणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं, हे तारबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी ती लागोपाठ तिसऱ्या दिवशी त्यांचा जिना चढत होती. शनिवारी मोठ्या बाई घर आवरून भाच्याकडे निघणार होत्या, पार समुद्रापलीकडे. त्या वयात एवढ्या लांब गेलेलं माणूस पुन्हा भेटेल याचा भरवसा नसतो.

तारबाई हे नाव टेलिफोन एक्स्चेंजमधलं. ऐन विशीत ती तिथे लागली तेव्हा एकेका शब्दाला ठेचकाळायची. हिला टेलिफोनवर कशाला बसवलंय, तारखात्यात पाठवा, कट्ट-कडकट्ट छान जमेल, असं शेजारच्या मुली म्हणाल्या आणि नाव चिकटलं. साहेबही तिला घरी पाठवायच्या बेतात होते. पण कॉल जोडायच्या बोर्डावर हुकूम तिथल्या सुपरवायझरचा, म्हणजे मोठ्या बाईंचा. मुलगी माझ्या हाताखाली आहे, चुकली तर मला विचारा, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं.

मग त्या हात धुवून तिच्या मागे लागल्या. जेवणाच्या सुट्टीत तिला रिकाम्या बोर्डापुढे बसवायच्या. प्लग भोकात सारायचा आणि त्याच झटक्याला शब्द सोडायचा. हात आत, शब्द बाहेर. हात रेंगाळला की टेबलावर पट्टी आपटायची. ही बाई नव्हे, कैदाशीण आहे, असं तारबाईने घरी रडून आईला सांगितलं होतं. पण वर्ष सरायच्या आत हेडफोन कानाला लावला की तिची जीभ सरळ चालू लागली. त्या नोकरीवर नवऱ्याचं आजारपण निभावलं, मुलगा शिकला. आता ती अडखळायची फक्त समोरासमोर, आणि तेही मन भरून आलं तरच.

नेमकी तिथेच गाडी अडत होती. पहिल्या दिवशी 'तुमच्यामुळे' एवढं कसंबसं निघालं, तोच मोठ्या बाईंनी तिच्या हातात रद्दी देऊन बशा गुंडाळायला बसवलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची खोकी काढायला लावली. फुलं पाठवा नि मोकळ्या व्हा, असं घरी सुनेने सुचवलं. फुलं काय, कोणीही पाठवेल, तारबाई म्हणाली, मला बोलायचंय.

"बाई, आज मला एकदा ब... ब..."

"जन्मभर बोलायचाच पगार घेतलास ना? तो पडदा धर."

तारबाईने पडदा धरला, घडी घातली, निघते म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. घरी मात्र ती जाणार नव्हती. बसल्या बसल्या तिला एक्स्चेंजचा पहिला नियम आठवला. समोरचा रडो, नाहीतर शिव्या देवो, चालू लाईन तोडायची नाही. तो मोडला म्हणून मोठ्या बाईंनी सख्ख्या मावसबहिणीलाही बोर्डावरून उठवलं होतं.

तिने पर्समधून मोबाईल काढून मोठ्या बाईंच्या घरचा नंबर लावला. दाराआड फोनची घंटी वाजली.

"हॅलो, बोला."

कठड्याला नक्षीची भोकं होती. तारबाईने एका भोकात बोट सारलं.

"मोठ्या बाई, मी तारबाई. साहेब मला काढणार होते, तुम्ही माझ्यासाठी आपलं नाव पणाला लावलंत. पुढे मी डॉक्टरांना प्रश्न विचारले, मुलाच्या हेडमास्तरांशी भांडले, सुनेच्या घरी बोलणी करायला मीच गेले. तो शब्द न् शब्द तुमच्या पट्टीखालून निघालाय. मी तुम्हाला कैदाशीण म्हणायचे, तेही सांगून टाकते. तुमचे आभार मानल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नव्हते. आता मानले."

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. लाईन तुटली नाही. मग कानात तो जुना, ड्यूटीवरचा आवाज उमटला, जरासा घोगरा.

"बोलणं पूर्ण झालं?"

"झालं."

"मग आधी तू ठेव."

तिने फोन ठेवला. दार उघडलं. मोठ्या बाईंचे डोळे लाल होते आणि खांद्यावर दुसरा पडदा होता.

"कैदाशीण कोणाला म्हणालीस?"

"तुम्हालाच," तारबाई म्हणाली. समोरासमोर, एका दमात.