मी हात न्हाय लावला

गॅरेजमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि मालकाने मारलेली थाप मागे राहते! रेवसला जेट्टीच्या रस्त्यावर माझ्या मामांचं गॅरेज आहे. मामा हल्ली दुपारनंतर येत नाहीत. मग मी, चहा आणि या थापा, असे आम्ही तिघे बसतो.

आमच्याकडचं खास दुखणं म्हणजे प्लगचे आटे. लोक जेट्टीवर बाइक लावून लाँचने मुंबईला कामाला जातात, ते आठवड्याने परत येतात. तोवर बाइक खारा वारा खात उभी. इंजिनचं हेड, म्हणजे डोक्यावरचं झाकण, अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. खाऱ्या हवेत दोघं एकमेकांना असे धरून बसतात की सोडायचं नाव नाही. बाइक सुरू होत नाही म्हणून घरातला कोणीतरी शहाणा पाना घेऊन जोर लावतो आणि प्लगबरोबर हेडमधले मऊ आटेही बाहेर ओढून काढतो.

मग गाडी ढकलत आमच्याकडे. आणि प्रत्येक गाडीबरोबर एकच वाक्य, "मी हात न्हाय लावला. आपोआप गेले!"

उपाय आहे. भोक जरा मोठं करायचं, टॅप नावाचं हत्यार फिरवून नवे आटे पाडायचे आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवायची. तिच्यात प्लग पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. पण टॅप सरळ उतरायला हवा. वाकडा गेला की हेड भंगारात! म्हणून हे काम फक्त मामा करायचे. मी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले होते. टॅपला ग्रीस मी लावायचे, दिवा मी धरायचे, टॅप मात्र मामांच्या हातात. मला एक, फक्त एक हेड स्वतःच्या हाताने करायचं होतं.

*

एकदा एक रिटायर्ड गुरुजी आले. अंगावर पांढरा शर्ट, चेहऱ्यावर निष्पाप भाव.

"मी हात लावलेला नाही," गुरुजी म्हणाले. "आयुष्यात खोटं बोललो नाही."

मामांनी प्लग बघितला. मग गुरुजींच्या डिकीतला पाना बघितला. त्याच्या दांडीवर गोल ओरखडे होते.

"खरं हाय, गुरुजी," मामा म्हणाले. "हात कशाला लावाल? दांडीला पाण्याचा पाइप लावलाय तुमी, जोर यायला!"

गुरुजींनी शर्टची बाही सारखी केली. मग हळूच म्हणाले, "अर्धा इंचीच होता."

*

दुसरे एक नाखवा. जन्म गेला बोटीच्या डिझेल इंजिनावर. त्या इंजिनाला नट आवळायचा म्हणजे दोन माणसं लागतात. नाखवांनी तोच न्याय मुलाच्या बाइकला लावला आणि आटे साफ केले. पण आमच्याकडे यायला कमीपणा वाटला! मग त्यांनी प्लगला जाळं विणायचा नायलॉनचा दोरा गुंडाळला आणि तसाच आत दाबून बसवला.

गाडी त्यांच्या घरापासून आमच्या गॅरेजपर्यंत आली. बरोबर दारात प्लग फट्‌दिशी उडाला आणि जळक्या नायलॉनचा वास सुटला.

मामा बाहेर आले. प्लगला लोंबणारा दोरा दोन बोटांनी उचलून बघितला.

"नाखवा, किती गावली मासळी?"

*

माझ्या पहिल्या पगारात मी टॉर्क पाना आणला. किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा. मामा हसले. "माझं मनगट सांगतं मला. तुझा काटा ठेव कालेजात."

मला म्हाताऱ्या माणसांचं हे मनगट प्रकरण अजिबात सहन होत नाही! म्हटलं, होऊन जाऊ दे. तीन प्लग लावले, पाना मामांच्या हातात दिला आणि काट्याकडे मी बघितलं. मामांनी आवळलं, "बस." दुसरा, "बस." तिसरा, "बस."

तीन प्लग, तीन आकडे! तिसऱ्यावर तर अजून जरासा जोर पडला असता तर आटे गेले असते.

मी काटा त्यांच्या नाकासमोर धरला. मामांनी चष्मा वर केला, पाना उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "खराब हाय पाना. परत कर."

दुसऱ्या दिवशी मी जेवून लवकर आले तर मामा तोच पाना घेऊन गुपचूप प्लग आवळत होते.

"काय करताय?"

"चेक करतोय, खराब हाय का."

तेव्हापासून आजपर्यंत मामा तो पाना चेकच करतायत.

*

एका दुपारी मामा शेतासाठी खत आणायला गेले होते. एक काका आटे गेलेली स्कूटर ढकलत आले.

"मिस्त्री कुठाय?"

"समोर उभी आहे."

त्यांनी माझ्या मागे बघितलं. मागे टायर होते.

"पोरी, कामाचं बोल. मोठं कोण हाय का?"

"टायर आहेत. त्यांच्याशी बोला!"

शेवटी काका बसले. मी हेड काढलं, भोक साफ केलं, टॅपला ग्रीस लावलं. टॅप भोकावर टेकवला आणि मागून मामांचा हात आला. त्यांनी टॅप माझ्या हातातून काढून घेतला. त्या काकांच्या देखत!

काका गेल्यावर मी भांडले. मामा टॅप पुसत म्हणाले, "गिऱ्हाईकाच्या हेडवर शिकायचं न्हाय, बाय. त्याची गाडी म्हंजे त्याची रोजी."

"मग कुणाच्या हेडवर शिकू? तुमच्या गाडीच्या?"

हे मी रागात बोलले. कारण मामांची गाडी म्हणजे देव्हारा! लग्नाच्या वर्षी घेतलेली. मामीला तिच्यावर बसवून आणलेली. तिला आम्ही फडकंसुद्धा लावायचं नाही. तिचा प्लग मामा स्वतः काढायचे, स्वतः घासायचे आणि आधी बोटांनी फिरवून मगच पाना लावायचे. इतक्या वर्षांत तिचा एक आटा दुखावला नव्हता.

मामांनी टॅप फडक्यात गुंडाळून ठेवला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

*

हल्ली जेट्टीवर बॅटरीच्या स्कूटर वाढल्यात. त्यांना प्लगच नाही, तर आटे कुठले! ग्रीसचा आणि शेजारच्या सुक्या बोंबलांचा मिळून एक वास गॅरेजात असायचा, त्यातलं ग्रीस कमी होत चाललंय. पण परवा एक आजोबा तसली स्कूटर ढकलत आले आणि म्हणाले, "मी हात न्हाय लावला. चार्जिंग आपोआप गेलं!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

*

तर त्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडायला आले. कुलूप आधीच काढलेलं होतं. मध्यभागी मामांची गाडी डबल स्टँडवर उभी. सीटवर स्वच्छ फडकं, फडक्यावर प्लग. प्लगला हेडमधले आटे चिकटून आलेले, चांदीच्या तारेसारखे चकचकीत.

मी प्लग उचलून बघितला. "मामा! हे काय झालं?"

"आटे गेले."

"कसे?"

मामा स्टूल उचलून दाराबाहेर गेले. जेट्टीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसले. लाँचचा भोंगा झाला.

"मी हात न्हाय लावला," ते म्हणाले. "आपोआप गेले."

भिंतीला पाना टेकवून ठेवलेला होता. त्याच्या दांडीवर हातभर लांबीचा पाइप तसाच अडकवलेला होता. शेजारी टॅप होता. ग्रीस लावलेला.

मी टॅप उचलला. घाईघाईने गाडीशी बसले, ते त्यांना पाठ असूनही कसं दिसलं, देव जाणे.

"सावकाश घे, बाय. गिऱ्हाईक घाईत न्हाय."