आबांचा सोमवार आणि सकाळची गोळी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अटॅक आला तेव्हा ते चामटोलीच्या शेतात लावणी करत होते. छाती दुखलीच नाही. जबडा आणि डावा खांदा ठणकत होता, अंगाला दरदरून घाम. गॅस समजून त्यांनी ओवा चावला आणि हातातलं काम पुरं करूनच घरी आले. तेवढ्या वेळात हृदयाचा एक भाग रक्ताविना निकामी झाला. उल्हासनगरला नेलं, बंद पडलेली नस उघडून स्टेंट बसवला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. चढाला अजून दम लागतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही सायन्सची. त्यामुळे औषधपाणी माझ्याकडे. रक्त पातळ ठेवायची गोळी कशाला, हे मी आबांना समजावलं होतं. बांधाखाली नवा पाइप घातला की त्याच्या तोंडाशी गाळ धरतो, तसं स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून. आबांनी मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

मी राहते चिखलोलीला. श्रावणात एका सोमवारी तिथून सकाळीच आबांकडे गेले. हातावर गोळी ठेवली, तर म्हणाले, "आज नाय बाय. सोमवार हाय."

"मग?"

"डॉक्टरनीच सांगितलंय, गोळी जेवल्यावर. मी जेवणार दिवेलागणीला, तवर पाणीबी नाय. सकाळचं जेवणच नाय, तर सकाळची गोळी कशी?"

"म्हणजे मागच्या सोमवारीही नाही घेतली?"

"कशी घेणार?"

माणूस डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळत होता!

तशीच रिक्षा करून आई-आबांना उल्हासनगरला नेलं. डॉक्टरीणबाई सिंधी, मराठी-हिंदी एकत्रच बोलतात. ईसीजी बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "बाबा, अब तक ठीक है. पण गोळी चुकली तर स्टेंट बंद होऊ शकतो. परत अटॅक. मग सोमवार कोण करणार?"

"उपास मोडू म्हणता?"

"मोडू नका. दूध प्या, केळं खा, ऊपर से गोली. इतना तो चलता है ना?"

तेवढ्यात आई सुटली. "मी वेगळं काय सांगते? निर्जळी करायला महादेवानं निरोप धाडला होता का तुम्हांला?"

पुढच्या सोमवारी आबांनी कडू काढा प्यावा तसं तोंड करून केळं खाल्लं, दूध प्यायलं, गोळी घेतली. मग आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथे गावातलेच एक काका भेटले. त्यांनाही स्टेंट आहे, सोमवारही आहे.

"सकाळची गोळी घेतलीस का?" आबांनी विचारलं.

"उपाशीपोटी कशी घेऊ?"

आबांनी त्यांना पायरीवर बसवलं आणि बांधाखालचा पाइप, गाळ, दूध, केळं सगळं ऐकवलं. हे कुणाकडून शिकले ते सांगायचं राहून गेलं. मी बाजूलाच उभी होते. पिशवीतलं केळं काढून काकांच्या हातात दिलं.

"घ्या, काका. गोळी खिशात आहे ना?"

होती.