कंबर तीच, लांबी जास्त

टेलरमास्तरांच्या दुकानात माणूस कधी जाड होत नसे. जुनं गिऱ्हाईक पँट घट्ट झाली म्हणून आलं, की मास्तर आतल्या शिवणीत सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया, उसवून कंबर मोकळी करत. वर म्हणत, "कापड आटलं, साहेब. तुम्ही आहात तसेच आहात." पैसेही घेत नसत. गिऱ्हाईक पोट आत ओढत खुशीत घरी जाई.

घर त्यांनी बँकेच्या कर्जावर घेतलं होतं. कर्ज साठीला फिटणार आणि त्याच दिवशी मशीनवर कायमची खोळ पडणार, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. सुईत दोरा ओवायला आत्ताच तिला हाक मारावी लागे.

व्याज बदलत्या दराचं होतं. बाजारात दर चढला की यांचाही चढणार. तसा तो चढलाही. मास्तरांचा हप्ता मात्र एका पैशाने हलला नाही.

"याला बँकेत वट लागते," ते बायकोला म्हणाले.

"कसली वट? तिथलं पेनसुद्धा तुमच्या भरवशावर सोडत नाहीत. दोरीने बांधून ठेवलंय."

मास्तरांना बावन्नावं लागलं तेव्हा किती राहिलं ते विचारायला दोघं बँकेत गेली. कर्जाचे साहेब मास्तरांचेच गिऱ्हाईक. त्यांनी कॉम्प्युटरात डोकावून सांगितलं, "चौदा वर्षं."

"आठ असतील. नीट बघा."

"होती आठ. पण दर वाढले ना. मग हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?"

कंबर तीच ठेवून पँटची लांबी वाढवली होती, आणि ती आता रस्त्यावरून लोळत होती.

"आणि तो विमा?" बायकोने विचारलं. "यांचं काही झालं तर कर्ज विमा फेडणार होता ना?"

"हो. पण तो साठीपर्यंतच. जुन्या मुदतीचा आहे."

"म्हणजे साठीनंतर यांनी मरायचं नाही."

"तसं... बरं पडेल, काकू."

"त्याचे पैसे तरी कधी भरले आपण?"

"ते कर्जातच धरले होते."

"म्हणजे विम्यावरही व्याज!"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला.

"हप्ता वाढवला तर?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी आकडे घातले. "सव्वापट केलात तर एकसष्टाव्या वर्षी मोकळे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. शब्द साठीचा होता.

"करा," ती म्हणाली. "एक वर्ष माया धरू. त्या वर्षी फक्त रस्ता जपून ओलांडा."

पुढच्याच आठवड्यात साहेब पँट घेऊन दुकानात हजर. "कापड आटलेलं दिसतंय, मास्तर."

मास्तरांनी टेप लावली. "कापड आहे तेवढंच आहे. कंबर दोन इंच वाढलीय."

साहेबांचा चेहरा उतरला. आत काज करणाऱ्या बायकोचा हात थांबला.

"राग मानू नका. उसवून देतो, पण सांगून. आणि पैसे पडतील."

"पूर्वी घेत नव्हतात!"

"दर वाढले ना, साहेब," मास्तर पावती फाडत म्हणाले. "आमचाही बदलताच आहे."